विश्वासू गिल्बी

ड्रमलॉकी गावात पुस्तकं वाचणारे पुष्कळ आहेत, पण त्यांना कुणी विचारत नाही. मान आहे तो पुस्तकं न वाचणाऱ्यांना. त्यांचं एक मंडळ आहे, मंडळाला अध्यक्ष आहे, आणि वर्षातून एकदा ते ब्लॅक बुल खानावळीच्या वरच्या दालनात जेवायला बसतात तेव्हा गावातला बॅगपाइप वाजवणारा माणूस बोलावला जातो. अर्धं गाव खाली उभं राहून ते ऐकतं.

हे थ्रिपलंड मंडळ. सर मंगो थ्रिपलंड हे शंभर वर्षांपूर्वीचे इथलेच ऐतिहासिक कादंबरीकार. त्यांची 'कोरीग्लेनची विधवा' तीन जाडजूड भागांत निघाली होती. संच शंभरच छापले, आणि सर मंगोंना स्वतःच्या सहीचं फार कौतुक असल्यामुळे त्यांनी प्रत्येक भागावर वेगळी सही केली. त्यानंतर ती कादंबरी पुन्हा छापायची हिंमत कुणी केली नाही. त्या काळी मोठा छापील कागद घड्या घालून तसाच शिवत. कडा जोडलेल्याच राहत, आणि वाचणाऱ्यानं सुरी घेऊन एकेक पान मोकळं करत पुढं जायचं. आता ज्याच्या प्रतीची पानं अजून कुणीच कापलेली नाहीत, त्याची प्रत अस्सल. ज्यानं कापली, तो गेला कामातून. मंडळात कुणीही ती कादंबरी वाचलेली नव्हती, आणि या गोष्टीचा सगळ्यांना भयंकर अभिमान होता.

लॅकलन प्रिंगल हा या मंडळाचा सभासद. गावातल्या तीन पिढ्यांचे दात उपटून तो निवृत्त झाला होता. त्याच्याकडे पहिला आणि दुसरा भाग होता, दोन्ही न कापलेले. तिसरा नव्हता. तो कुणाकडेच नव्हता म्हणा ना, कारण तिसऱ्या भागाच्या पेट्या घेऊन निघालेली होडी खाडीत बुडाली आणि जेमतेम काही प्रती वाचल्या. त्यामुळं मंडळानं तिसऱ्या भागाला सगळं माफ केलं होतं: फाटका, कापलेला, कसाही चालेल, फक्त सही हवी. ज्याच्याकडे तिन्ही भाग, तो मेजवानीत वरच्या टेबलावर बसणार. वरच्या टेबलावर अध्यक्ष निनियन कॅरुदर्स एकटेच बसत. त्यांच्या शेजारी एक खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी होती. लॅकलनची जागा स्वयंपाकघराच्या दाराला लागून. वाढपी आत गेला की दार त्याच्या पाठीत, बाहेर आला की त्याच्या कोपरात. लॅकलनला ती रिकामी खुर्ची हवी होती. स्वप्नातसुद्धा तीच यायची.

"खुर्चीच हवी असेल तर आपल्या घरी सहा आहेत," ऊना म्हणायची. ऊना म्हणजे त्याची बायको. पुस्तकांच्या कपाटावरची धूळ तीच पुसत असल्यामुळे तिला बोलायचा हक्क होता. "आणि एकीच्याही पाठीमागे दार नाही."

मिस ग्रिझेल टेट यांच्याकडे तिसरा भाग आहे, हे लॅकलनला कळलं ते त्यांची कवळी दुरुस्त करायला गेला तेव्हा. निवृत्त झाला तरी जुन्या लोकांच्या कवळ्या त्याच्याच गळ्यात पडत. मिस टेट ऐंशी ओलांडलेल्या. एके काळी रविवारच्या शाळेत त्यांनी लॅकलनचे कान पिळले होते, म्हणून त्या अजून त्याला अरेतुरे करत. कवळी घासता घासता त्याचं लक्ष चुलीशेजारच्या स्टुलाकडे गेलं. हिरवी पाठ, सोनेरी काटेफूल, आणि खाली तीन रेघा. लॅकलनच्या हातातली कवळी निसटली आणि मांजराच्या दुधात पडली.

पुस्तक अगदीच चोथा झालेलं होतं. पानन् पान कापलेलं, कोपरे दुमडलेले, मधेच मुरंब्याचे डाग. मिस टेट अकरा वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांच्या आईनं हवेलीतल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून दार हलू नये म्हणून ते आणलं होतं. त्यांनी दार हलू दिलं आणि पुस्तक वाचलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात वाचत आल्या होत्या. फक्त तिसरा भाग. पहिले दोन कधी मिळालेच नाहीत.

लॅकलननं किंमत विचारली. त्यांनी कवळी पाण्यानं विसळून तोंडात बसवली आणि मग बोलल्या.

"पैसे घेऊन काय मांजराला घालू? मला सुरुवात सांग. तिसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर लेडी इझोबेल भर लग्नात बिशपच्या थोबाडीत सामन मासा मारते. आणि बिशप म्हणतो, 'माझं चुकलंच.' का मारते? तो कॅप्टन लोगी पिंपात का झोपतो? आणि गिल्बी..." इथं त्या थांबल्या, आणि लॅकलनला आपले डोळे फसवतायत की काय असं वाटलं, कारण मिस टेट लाजल्या होत्या. "गिल्बी कसा मेला? शेवटच्या पानावर सगळे त्याच्यासाठी रडतात. मीही रडते. पण तो तिसऱ्या भागाच्या आधीच गेलेला आहे. मला तो एकदा जिवंत बघायचा आहे रे. सुरुवात सांग, आणि पुस्तक घेऊन जा."

म्हणजे घोडं इथं पेंड खात होतं. सुरुवात लॅकलनच्या कपाटात होती, पण कुलूपबंद. पानं कापावीत तर पहिले दोन भाग मंडळाच्या लेखी रद्दी. न कापावीत तर तिसरा मिळणार नाही. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे ती खुर्ची.

त्यानं आधी लबाडीचा मार्ग धरला. घडीच्या पुस्तकात काही पानं कापल्याशिवायही वाचता येतात. उरलेल्यांसाठी त्यानं दात बघायचा छोटा आरसा आणि कपाळावरचा दिवा काढला. कडा हलकेच फुगवायची, आरसा आत सारायचा आणि उलटी अक्षरं सुलटी करत बसायचं. ऊनानं दारातून पाहिलं तर नवरा एका कादंबरीला "आ कर, आणखी थोडा" असं काहीतरी पुटपुटत होता. ती सरळ बहिणीकडे राहायला गेली.

आरशातून गोष्ट ठिगळाठिगळांनी दिसली. गिल्बी मात्र छान दिसला: रुंद कपाळ, कुरळे केस, मागे न हटणारी मान. वेढा पडला तेव्हा गिल्बी दारात उभा राहिला आणि त्यानं एकालाही आत येऊ दिलं नाही. लॅकलननं मिस टेटना हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मधल्या भगदाडांत मात्र त्यानं स्वतःच्या पदरची भर घातली, आणि तिथंच नडलं. कॅप्टन लोगीचा डावा पाय त्यानं दुसऱ्या भागात तोफेनं उडवला. तो कॅप्टन तिसऱ्या भागात तीन पानं नाचतो, हे त्या बापड्याला काय माहीत? मिस टेटनी चुलीतला चिमटा उचलला. लॅकलन टोपी विसरून घरी आला.

शेवटी त्यानं दंतवैद्याच्या डोक्यानं विचार केला. दात पोखरतो, भरतो, वरून कळतसुद्धा नाही. मग पान कापावं, वाचावं आणि पुन्हा चिकटवून टाकावं. घरात कवळी बसवायच्या मलमाच्या नळ्या ढिगानं पडून होत्या. त्यानं सगळ्यांत बारीक पातं घेतलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि पहिल्या भागाचं पहिलं पान कापलं. शंभर वर्षं कोंडलेली हवा बाहेर आल्यासारखा एक जुनाट वास आला. त्याला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण दुसरं पान कापेपर्यंत वाईट वाटायला फुरसतच उरली नाही.

कादंबरी भिकार होती, यात शंका नाही. माणसं एकेक पान खोकत होती, सूर्य मावळायला अर्धं प्रकरण घेत होता. पण ती सोडवेना. लॅकलन चहाची किटली चुलीवर ठेवायचा आणि ती कोरडी होऊन करपायची. ऊना परत आली तर हा बाथरूममध्ये दुसरा भाग घेऊन बसलेला. तिनं बाहेरून विचारलं, काय झालं. आतून आवाज आला, "बिशप गडात शिरलाय."

आणि मग एकोणिसावं प्रकरण आलं. सर मंगोंना वाचकाला झुलवत ठेवायची खोड, त्यामुळं दोन भाग होत आले तरी त्यांनी हे कुठं सरळ लिहिलं नव्हतं. आता लिहिलं होतं. गिल्बी हा मेंढा होता.

लॅकलननं ते वाक्य तीनदा वाचलं. मेंढा. रुंद कपाळ, कुरळी लोकर. कॅप्टन लोगी पिंपात झोपायचा कारण गिल्बी त्याला दिसेल तिथं ढुशी मारायचा. वेढ्यात उपासमार झाली, बिशपसाहेबांना भूक आवरेना, आणि त्यांनी गडाचं दार राखणाऱ्या गिल्बीला कापून खाल्लं. दुसऱ्या दिवशी कोठारात एक आख्खा सामन मासा सापडला. घरात मासा असताना गिल्बीला खाल्लंस, म्हणून लेडी इझोबेलनं तोच मासा खारवून, लग्नापर्यंत जपून ठेवला होता.

"ऊना," लॅकलन क्षीण आवाजात म्हणाला, "मिस टेट जन्मभर एका मेंढ्यावर प्रेम करत आल्या."

ऊनानं विणकाम खाली ठेवलं. "गावातल्या बऱ्याच बायकांना त्याहून वाईट मिळालेत," ती म्हणाली. "पण हे तू त्यांना सांगणार कसं?"

तेच तर होतं. सांगितलं तर म्हातारी ते पुस्तक उचलून चुलीत घालेल, ही शक्यता दाट होती. न सांगितलं, गिल्बीला सहा फुटी तरणाबांड सरदार केलं, तर त्या हसत हसत पुस्तक हातात ठेवतील. आता त्याला सगळी गोष्ट ठाऊक होती. यावेळी खोटं पकडलं जाणार नव्हतं. त्यानं पानं मलमानं चिकटवली, वजनाखाली ठेवली आणि दोन दिवस मिस टेटच्या घराकडे फिरकला नाही.

त्यातच मेजवानी आली. रिवाज असा की जेवणाआधी प्रत्येकानं आपले भाग घेऊन वरच्या टेबलापाशी जायचं. कॅरुदर्स हे जुने वकील. ते बोटाचं टोक पानांच्या कडांवरून फिरवत आणि मान हलवत. पुस्तक उघडायचं नाही, नुसतं चाचपायचं. लॅकलनची पाळी आली. कॅरुदर्सनी बोट फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. मग पुस्तक नाकाशी नेलं. कवळीच्या मलमाला पुदिन्याचा वास असतो, आणि कॅरुदर्स स्वतः तेच मलम वापरत होते.

लॅकलननं दाराकडे पाहिलं. कॅरुदर्सनी मात्र मान हलवली, पुस्तक परत दिलं आणि सगळ्यांना पेले उचलायला सांगितले. पहिल्या भागाच्या अर्पणपत्रिकेत 'विश्वासू गिल्बीस, ज्याने कोरीग्लेनसाठी सर्वस्व दिले' असं आहे. ते पान न कापता दिसतं, म्हणून मंडळ दरवर्षी उभं राहून गिल्बीच्या नावानं व्हिस्की घेतं. मोठमोठी माणसं छातीवर हात ठेवून उभी राहिली. लॅकलनला एकाएकी अशी हसण्याची उबळ आली की त्यानं रुमाल तोंडात कोंबला. सगळ्यांना वाटलं, भरून आलं.

जेवण झाल्यावर कॅरुदर्सनी त्याला जिन्याच्या कोपऱ्यात गाठलं. आता मंडळातून हकालपट्टी, असं धरून लॅकलन भिंतीला टेकला. कॅरुदर्सनी खाली-वर पाहिलं.

"कापलंस ना?"

"कापलं."

"मग सांग. तो... गिल्बी. कसा आहे?"

लॅकलनला काही उमगेना. तेव्हा कॅरुदर्स भिंतीकडे तोंड करून बोलू लागले. तरुणपणी, सुगीच्या नाचानंतर, त्यांनी ग्रिझेल टेटला मागणी घातली होती. ती म्हणाली होती, निनियन, तू चांगला आहेस, पण गिल्बी नाहीस. त्यांनी चौकशी केली, तो एका कादंबरीत आहे असं कळलं. तिन्ही भाग मिळवायला त्यांची उमेदीची वर्षं गेली. आणि मिळाल्यावर पानं कापायचा धीर झाला नाही. आपल्यापेक्षा थोर निघाला तर काय तोंड घेऊन जगायचं? त्यापेक्षा न कापलेलं बरं. लोकांना वाटलं, केवढा हा संग्राहक.

"मिस्टर कॅरुदर्स," लॅकलन म्हणाला, "तो मेंढा आहे."

कॅरुदर्स जिन्यावर मटकन बसले. लॅकलननं मग तिसरा भाग कुणाकडे आहे आणि मिस टेटची अट काय, तेही सांगून टाकलं. तेव्हा कॅरुदर्स म्हणाले, पुदिन्याबद्दल मी मिठाची गुळणी धरीन. तिसरा भाग आण आणि माझ्या शेजारी बस. फक्त तिला जे आहे तेच वाचून दाखव, आणि ते वाचशील तेव्हा मी तिथं असणार.

मलम फार चांगल्या दर्जाचं होतं. चिकटवलेली पानं सुटेचनात, शेवटी किटलीच्या वाफेवर धरून सोडवावी लागली. रोज दुपारी लॅकलन मिस टेटकडे जाऊन मोठ्यानं वाचू लागला. पिंपाशी आल्यावर त्या हसून हसून लोळल्या. वेढ्याच्या प्रकरणात त्यांनी चहाही घेतला नाही. एकोणिसावं प्रकरण आलं त्या दुपारी कॅरुदर्स नवी कॉलर लावून आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसले. मिस टेटनी त्यांना, इतक्या वर्षांनी कसा वाट चुकलास, एवढंच विचारलं.

लॅकलन त्या वाक्यापाशी आला आणि अडखळला. तिसरा भाग मिस टेटच्या मांडीवर होता. चूल पेटलेली, हाताच्या अंतरावर. 'मेंढा'च्या जागी 'वीर' घातलं आणि बिशपच्या जेवणाची ओळ गाळली की झालं. कॅरुदर्स ओरडले असते, पण त्यांचं कोण ऐकतंय? त्यानं वर पाहिलं. मिस टेट पुढं वाकून, तोंड जरासं उघडं ठेवून ऐकत होत्या. लॅकलनच्या खुर्चीत जन्मभर लोक असंच तोंड उघडून, त्याच्यावर विश्वास टाकून बसले होते. त्याला लाज वाटली. त्यानं जे छापलं होतं ते वाचलं.

मिस टेट तशाच पुढं वाकलेल्या होत्या. त्याला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यानं बिशपनं गिल्बीला खाल्लं तेही वाचलं, माशाचंही वाचलं, आणि पुस्तक मिटलं.

"मेंढा," मिस टेट म्हणाल्या.

"हो."

"शिंगंवाला?"

"दोन्ही बाजूंनी वळलेली, असं लिहिलंय."

दारापासून कॅरुदर्स बोलले. "ग्रिझेल, तू मला एका मेंढ्यासाठी नाकारलंस."

मिस टेट त्यांच्याकडे वळल्या. मग त्या म्हणाल्या, "तो दारात उभा राहिला, निनियन. तू एकदा विचारलंस आणि निघून गेलास."

कॅरुदर्स उठले. त्यांनी टोपी खाली ठेवली आणि खुर्ची ओढत चुलीजवळ आणली. मिस टेट जागच्या हलल्या नाहीत, पण त्यांनी चुलीसमोरच्या मांजराला बाजूला सारून कॅरुदर्सच्या पायांना जागा करून दिली. मग तिसरा भाग उचलला. लॅकलननं चुलीकडे पाहिलं. त्यांनी तो त्याच्या हातात ठेवला.

"ठरल्याप्रमाणं तुझं. पण आता मला शेवटचं पान वाचून दाखव. तोंडपाठ आहे, तरी वाच. मला माहीत नव्हतं मी कुणासाठी रडतेय."

ऊनानं रात्रीचं सूप तीनदा गरम केलं. लॅकलन आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते आणि बगलेत हिरवी पाठ होती. तिनं विचारलं, म्हातारीनं मारलं का? तर म्हणाला, नाही, शेवटचं पान वाचलं. लेडी इझोबेल, कॅप्टन लोगी, तो मेला बिशपसुद्धा, सगळे गिल्बी उभा राहायचा त्या दारात उभे राहून रडतात. मिस टेट रडल्या. कॅरुदर्स एवढे रडले की त्यांना त्यांच्याच टोपीनं डोळे पुसावे लागले. आणि सगळ्यांना ठाऊक होतं की तो मेंढा आहे, ऊना. ठाऊक होतं, तरी.

ऊनानं वाडगा त्याच्यापुढं सरकवला आणि पुस्तक अलगद बाजूला घेतलं, सूप सांडू नये म्हणून.

"मिळालं म्हणायचं एकदाचं. सही आहे ना पण यावर?"

लॅकलनचा चमचा तोंडाशी थांबला.

"सही बघितलीच नाही," तो म्हणाला.